मदत हवी आहे: रुग्णांचा डेटा संशोधनाला देताना नागरिकांची समिती कशी बसवावी?

ओंजळ:
मधुमेहाच्या रुग्णांच्या काही हजार नोंदी एकत्र केल्या आहेत. नावं काढून त्या संशोधकांना द्यायची पद्धत ठरवायची आहे. नैतिकता समिती आहे, पण तिच्यात सर्वसामान्यांचा प्रतिनिधी एकच. डेटा कोणाला आणि कशासाठी द्यायचा, यावर लक्ष ठेवायला रुग्ण व नागरिकांची वेगळी समिती हवी आहे. माणसं किती घ्यावीत आणि निवडावीत कशी? तांत्रिक अर्ज त्यांच्यापुढे कसे ठेवायचे? त्यांचं मत बंधनकारक असावं का? आणि "नावं काढलीच आहेत, मग लोकांना विचारायचं कशाला?" असं म्हणणाऱ्या वरिष्ठांना काय सांगावं?

पारंबी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. गोपनीयतेवर संशोधन करणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं, की पाच अंकी पोस्टल कोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याजोगे ठरतात. वरिष्ठांना एक नमुन्याची ओळ दाखवा: "स्त्री, वय ३४, टाइप १ मधुमेह, डायलिसिस चालू, २०१९ मध्ये जुळ्यांचं बाळंतपण." यात नाव नाही, पत्ता नाही. तरी तिच्या शेजारणीला ती कोण हे लगेच कळेल.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या केअर डॉट डेटा योजनेचं, म्हणजे दवाखान्यांतल्या रुग्णनोंदी एका जागी गोळा करायच्या सरकारी योजनेचं. २०१४ च्या जानेवारीत घरोघर पत्रक गेलं. त्यात योजनेचं नाव नव्हतं आणि नकार कळवायचा फॉर्मही नव्हता. फेब्रुवारीत योजना थांबवावी लागली, जुलै २०१६ मध्ये ती गुंडाळली. सगळं ठरवून झाल्यावर लोकांना कळवलं, तर ते विश्वास का ठेवतील?

कडुनिंब:
माणसं १२ ठेवा. चार गैरहजर राहिले तरी चर्चा होते, आणि १५ च्या वर गेलं की तिघेच बोलतात. फक्त जाहीर आवाहन करू नका, त्यातून नेहमीचेच उत्साही लोक येतात. अर्ज मागवा, मग वय, लिंग, शिक्षण असे गट पाडून चिठ्ठ्या टाका. ज्यांच्या आजाराला समाजात कलंक चिकटलेला आहे त्यांच्यासाठी दोन जागा राखा. माहिती फुटली तर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं. मुदत तीन वर्षं, दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदला. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या. ते महिनाभर लांबलं की रोजंदारीवरची माणसं पुढच्या बैठकीला येत नाहीत.

पहिल्या दोन बैठकांत एकही खरा अर्ज ठेवू नका. बनावट नोंदींचा तक्ता द्या आणि "यातला माणूस शोधा" म्हणा. पुढचं शिकवणं निम्मं होतं.

अर्जाचा दोन पानी साध्या भाषेतला गोषवारा बैठकीच्या सात दिवस आधी सदस्यांच्या हातात हवा. त्यात प्रश्न काय, पैसे कोणाचे, नफा कोणाला, संशोधकांना डेटा पाहणं कधी बंद होणार, निष्कर्ष रुग्णांपर्यंत कसे पोचणार, एवढं यायलाच हवं. संशोधक बहुधा निबंधाचा सारांशच चिकटवतात. तसा आला तर परत पाठवा, विषयपत्रिकेवर घेऊच नका. मागितलेल्या प्रत्येक रकान्यासमोर "हा कशासाठी?" याचं एका ओळीत उत्तर मागा. "जन्मतारीख कशाला, वयोगट पुरणार नाही का?" हे सामान्य माणूस चटकन विचारतो, तज्ज्ञांच्या नजरेतून मात्र ते निसटतं.

पारंबी:
मत बंधनकारक करण्याच्या भानगडीत पडू नका. कायदेशीर जबाबदारी डेटा सांभाळणाऱ्या संस्थेची असते, ती सदस्यांच्या डोक्यावर टाकणं बरं नाही. त्याऐवजी नियम करा: समितीचं मत नोंदल्याशिवाय डेटा द्यायचा नाही, आणि त्याविरुद्ध निर्णय घेतला तर ३० दिवसांत लेखी कारण प्रसिद्ध करायचं. नाकारलेल्या अर्जांसकट सगळ्यांची यादी उघडी ठेवा. अर्ज नैतिकता समितीच्या आधी किंवा बरोबरीने इथे यावा. नंतर आला तर समितीच्या हाती फक्त शिक्का उरतो.

ओंजळ:
खूप आभार. संशोधकांची तक्रार आहे की यात दोन महिने जातील.

कडुनिंब:
नेहमीच्या धाटणीच्या अर्जांसाठी समितीनेच निकष ठरवावेत. ते दोन सदस्यांनी दहा दिवसांत पाहावेत. जनुकीय माहिती, कंपन्यांचे अर्ज आणि दुसऱ्या साठ्याशी नोंदी जोडायच्या असतील ते अर्ज मात्र पूर्ण बैठकीपुढेच. शिवाय डेटा बाहेर पाठवूच नका. संशोधकांनी सुरक्षित संगणकावर आत येऊन काम करावं आणि तपासलेले तक्तेच बाहेर न्यावेत.

पारंबी:
त्या तपासणीला वर्षातून एकदा दोन सदस्य बसवा. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तक्त्यातला दहापेक्षा लहान आकडा झाकायचा, हा नियम बहुतेकांना माहीत असतो, पण खाली बेरीज तशीच राहते. एकूण ५७, दिसणारे रकाने ३१ आणि २२, म्हणजे झाकलेला आकडा ४. अशा वेळी आणखी एक रकाना झाकावा लागतो, नाहीतर बेरीजच काढून टाकावी लागते. हे पकडायला वजाबाकी आली की पुरे. म्हणून तक्ते कागदावर छापून द्या आणि सोबत पेन्सिल ठेवा.