लेस्ली व्हॅन हाउटेन: ५३ वर्षं पुरे की कमीच?

ओसरी
काल झोप येत नव्हती म्हणून मॅन्सन टोळीबद्दल वाचत बसले आणि या बाईपाशी अडकले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चार्ल्स मॅन्सन नावाचा भोंदू, लॉस एंजेलिसजवळच्या एका रँचवर घरातून पळालेली पोरंपोरी जमवून एलएसडीची नशा देऊन त्यांचा देव होऊन बसलेला. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याच्या माणसांनी शॅरन टेट या नटीसकट पाच जणांना मारलं, ती साडेआठ महिन्यांची गरोदर होती. लेस्ली त्या रात्री नव्हती. दुसऱ्या रात्री लेनो आणि रोझमेरी लाबियांका या नवराबायकोला मारलं तेव्हा त्यांच्या घरात मात्र होती. वय १९. जुलै २०२३ मध्ये पॅरोलवर (म्हणजे तिकडे अटी आणि देखरेखीवर कायमचं बाहेर) सुटली तेव्हा ७३. माझ्या मते सोडलं ते बरोबरच, उलट उशीर केला. आता हाणा मला.

साळुंकी
हाणतेच. "घरात होती" काय? पाहुणी गेली होती का? रोझमेरीच्या डोक्यावर उशीचा अभ्रा, गळ्यात दिव्याची वायर, हिने तिला धरून ठेवलं आणि मग स्वतः १४-१६ वार केले, हे तिनेच कबूल केलंय. नंतर बोटांचे ठसे पुसले, मेलेल्या बाईचे कपडे घालून निघाली. आदल्या रात्री काय झालं ते कळल्यावर हिला जायचं होतं हो, कुणी फरपटत नाही नेलं. ठसे पुसणारं डोकं ब्रेनवॉश झालेलं कसं?

ओसरी
तिचं म्हणणं असं की वार केले तेव्हा रोझमेरी गेलेली असावी. पण ते सोडा, मी तिला निर्दोष म्हणतच नाहीये.

जुना_वकील
दोघींनी थोडं थांबा, शिक्षा नेमकी काय होती ते बघा आधी. १९७१ ला फाशी झाली. १९७२ ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने राज्यातली फाशीच रद्द केली, मग जन्मठेप. पुढे १९७६ ला हिचा निकालच रद्द, कारण पहिल्या खटल्याच्या मध्येच हिचा वकील बेपत्ता झाला आणि नंतर त्याचं प्रेतच सापडलं, म्हणजे मुलीला धड बचाव मिळाला नाही. दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत होईना, तिसऱ्यात १९७८ ला दोषी. शिक्षा काय, तर जन्मठेप, *पॅरोलची शक्यता धरून*. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. पॅरोल द्यायचाच नसेल तर ते लिहायचे कशाला?

रिकामटेकडा
शक्यता म्हणजे हमी नव्हे वकीलसाहेब. लॉटरीच्या तिकिटावर पण शक्यता असते 😄

जुना_वकील
अहो पण लॉटरीचा नंबर लागल्यावर दुकानदार तिकीट फाडतो का? पॅरोल बोर्डाने २०१६ पासून पाच वेळा सोडा म्हणून शिफारस केली. तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी दोनदा फेटाळली, त्यांच्यानंतरचे गव्हर्नर न्यूसम यांनी तीनदा. खुनाच्या केसमध्ये तिथे गव्हर्नरला बोर्डाचा निर्णय फिरवता येतो, १९८८ ला लोकांनीच मतदान करून तो अधिकार दिलाय. आता मला सांगा, ज्याला निवडणूक लढवायचीय तो मॅन्सनच्या पोरीला सोडल्याचा शिक्का कपाळावर मारून घेईल? शेवटी मे २०२३ मध्ये अपील कोर्टाने २ विरुद्ध १ अशा मतांनी न्यूसम यांचा नकार फिरवला आणि न्यूसम पुढे अपिलात गेले नाहीत. हीच बाई कुठल्यातरी अनोळखी गावात अनोळखी खुनात सापडली असती तर केव्हाच बाहेर असती.

साळुंकी
आणि त्या घरच्यांचं काय? दर सुनावणीला जाऊन पुन्हा तेच ऐकायचं. शॅरनची बहीण वर्षानुवर्षं लढतेय या लोकांविरुद्ध. त्यांच्यासाठी कुठली "शक्यता" ठेवलीय?

सॅनडिएगोकर
इकडे राहते म्हणून सांगते, माझ्या ऑफिसातल्या साठीतल्या बायका हा विषय निघाला की अजूनही गप्प होतात. पण एक प्रश्न आहे. टेटच्या खुनातल्या सुझन ॲटकिन्सला मेंदूचा कॅन्सर झाला, तरी सोडली नाही, २००९ ला तुरुंगातच गेली. मरायला टेकलेली बाई कुणाला काय करणार होती? म्हणजे तिथे धोका हा मुद्दाच नव्हता, सूडच होता. मग सरळ सूड म्हणा ना.

साळुंकी
बरं, सूड म्हणते. जन्माला न आलेल्या बाळासाठी थोडा सूड चालेल मला.

ओसरी
पण त्या घरात लेस्ली नव्हतीच ना! हेच होतं दरवेळी, टेटचं पाप हिच्या खात्यावर.

रिकामटेकडा
मला एक वेगळंच खुपतं. खटल्यात या पोरी कपाळावर X कोरून, गाणी म्हणत, खिदळत कोर्टात यायच्या. आणि नंतर तुरुंगात बीए काय, एमए काय. माणूस बदलतो हे मान्य, पण इतका बदलतो का, की नुसता देव बदलतो, आधी मॅन्सन, मग पॅरोल बोर्ड?

जुना_वकील
लागलं हे. उत्तर सोपं नाही. पण तिसऱ्या खटल्याआधी ती काही महिने जामिनावर बाहेर होती, लोकांत राहिली, काही केलं नाही.

रिकामटेकडा
डोक्यावर खटला टांगलेला असताना मी पण सिग्नल पाळतो.