रात्री छज्जावरून जाणाऱ्या प्राण्याचे छायाचित्र कसे घ्यावे?

प्रश्न (गोरेगाव पूर्व):
आमची इमारत आरे वसाहतीच्या कडेला आहे. गेले तीन आठवडे रात्री साडेअकराच्या सुमारास पहिल्या मजल्याच्या छज्जावरून मांजरापेक्षा लांबट, काळपट अंगाचा आणि लांब शेपटीचा एक प्राणी जातो व शेजारच्या भेरली माडावर चढतो. मोबाइलचा फ्लॅश लावून छायाचित्र घेतले, तेव्हा दोन चमकते डोळे तेवढे उमटले आणि पुढचे दोन दिवस तो फिरकलाच नाही. म्हणून कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला, की आपोआप चित्र घेणारा कॅमेरा) आणून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेआड ठेवला, तर त्यात काहीच नोंदले गेले नाही. माझे काय चुकते आहे? शेजारी म्हणतात, की छज्जावर केळी ठेवावीत. तसे करावे का?

उत्तर १ (मुलुंड):
चूक काचेची आहे. कॅमेरा ट्रॅपचा संवेदक समोरून हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो आणि ती उष्णता खिडकीच्या काचेतून पलीकडे येत नाही. शिवाय कॅमेऱ्याचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश काचेवरून परतून चित्र पांढरे पडते. कॅमेरा काचेबाहेर, प्राण्याच्या खांद्याच्या उंचीवर आणि त्याच्या वाटेला थोडा तिरपा बसवा. समोर पाने मात्र असू देऊ नका, नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांचीच शेकडो चित्रे जमतील. कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांपैकी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांची लालसर चमक दिसते, ९४० नॅनोमीटरच्या दिव्यांची जवळजवळ दिसत नाही; घरापाशी बुजऱ्या प्राण्यासाठी मी ९४० नॅनोमीटरचेच घेईन, जरी त्यांचा पल्ला थोडा कमी पडतो.

डोळे चमकतात ते डोळ्याच्या आत, दृष्टिपटलामागे असलेल्या परावर्तक थरामुळे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अचानक फ्लॅश पडला, की काही काळ त्या जिवाला नीट दिसत नाही, आणि तो छज्जावर किंवा फांदीवर असेल, तर ते धोक्याचे ठरू शकते. म्हणून फ्लॅश नकोच.

वर्णनावरून हे उदमांजर वाटते. जवादी मांजराच्या शेपटीवर वलये असतात आणि ते बहुधा जमिनीवरच वावरते. उदमांजराच्या शेपटीवर वलये नसतात आणि झाडावर ते सहज चढते. सकाळी छज्जावर विष्ठा पाहा: तीत फळांच्या अखंड बिया दिसल्या, तर उदमांजराची शक्यता आणखी वाढेल. केळी मात्र ठेवू नका. माड फळावर असेल, तर तेच त्याचे जेवण आहे. आयत्या अन्नाने तो घरांना सरावेल, पुढे कोणाच्या छतात शिरेल, आणि मग हेच शेजारी पिंजरा मागवतील.

उत्तर २ (बोरिवली):
एक विनंती. चित्र कुठेही टाकताना स्थळाची नोंद काढून टाका. उदमांजराबाबत हे बरे, पण गव्हाणी घुबडाबाबत अत्यावश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घुबड पकडणे व विकणे गुन्हा असूनही दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडांची शिकार होते, आणि जुन्या इमारतींच्या पोकळ्यांतील घरट्यांचे पत्ते छायाचित्रांवरूनच कळतात.

तसेच, हौसेने रात्री आरेच्या झाडीत उतरू नका. तिथे बिबट्याचा वावर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कॅमेरे लावायचे, तर वन विभागाची परवानगी लागते. घराजवळ जखमी प्राणी आढळला, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्नकर्त्याकडून (अकरा दिवसांनंतर):
कॅमेरा काचेबाहेर, छज्जाच्या कोपऱ्यात तिरपा बसवला. विष्ठेत अखंड बिया सापडल्या. काल मध्यरात्रीनंतर १ वाजून ४० मिनिटांच्या चित्रात उदमांजर स्पष्ट आले आहे, आणि त्याच्या मागोमाग, शेपटीला जवळजवळ चिकटून, एक पिल्लू. केळ्यांबद्दल शेजाऱ्यांशी बोललो. चित्र पाहून त्यांनी स्वतःहून आपल्या गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा बंद ठेवायला सुरुवात केली आहे.