बियांपासून निळं डेल्फिनियम : नागपुरात टिकेल का?

धरमपेठची गच्ची
नमस्कार. फुलदाणीत ठेवायला लांब दांड्याची निळी फुलं घरीच काढायची आहेत. बर्डीच्या बाजारात बाकी सगळे रंग असतात, निळा काही दिसत नाही. डेल्फिनियमचं पाकीट आणलंय, त्यावर 'बहुवर्षायू' लिहिलंय. आत्ता सप्टेंबरात पेरू का?

मानेवाड्याचे काका
ताई, आत्ता नको. पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, उष्म्यात हे बी लवकर मरतं. उगवायला 15 ते 18 अंश गारवा लागतो, म्हणजे दिवाळीच्या सुमारास रात्री गार पडू लागल्या की पेरा. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत, वर पातळ थर, कारण याला अंधार हवा. ओलं गोणपाट झाका आणि कोंब दिसले की त्याच दिवशी काढा. दोन-तीन आठवडे धीर धरा. पाणी ट्रेच्या खालून द्या, वरून ओतलं तर रोपं बुडाशी कुजून माना टाकतात. कुंडीत नुसती काळी माती नको, ती पाणी धरून बसते. रेती मिसळा.

बहुवर्षायू आहे, पण थंड मुलखात. आपल्या मे महिन्यातलं 45 अंशाचं ऊन ते काढत नाही. हिवाळ्याचं पीक म्हणूनच लावा, मग निराशा नाही. पुढच्या वेळी चिनी डेल्फिनियम (ग्रँडिफ्लोरम) बघा. ते बुटकं असतं, पण पहिल्याच हंगामात फुलतं आणि तो निळा रंग बघत राहावा असा असतो.

हिंगणा रोड
वर्षानुवर्षं टिकणारंच हवं असेल तर निळी साल्व्हिया (फॅरिनेशिया) लावा. मूळची टेक्सास-मेक्सिकोकडची, उष्णता सोसते. तिचं बी मात्र झाकू नका, उजेड लागतो. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली ठेवा. दांडे कापले की पुन्हा फुटते.

धरमपेठची गच्ची
दोन्ही लावते! काका, डेल्फिनियमचा दांडा कापायचा कधी?

मानेवाड्याचे काका
तुऱ्यातली खालची एक तृतीयांश फुलं उमलली की, सकाळी लवकर. लगेच पाण्यात ठेवा. पिकलेल्या केळी-आंब्यांजवळ फुलदाणी नको. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या गळतात. आणि हे महत्त्वाचं : झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा, कापून झाल्यावर हात साबणाने धुवा.