दोनशे किलोंनी विमान पडतं का?

उलवेकर: नवी मुंबईतून कार्गो वाढणार म्हटल्यावर आत्तापासूनच वजनाचा बाऊ. दोनशे किलो इकडेतिकडे झाले तर काय आभाळ कोसळतं? विमानाला मार्जिन असतंच. फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवणाऱ्या मध्यस्थाला, पिडणं थांबवा.

ट्रिमशीट: मार्जिन तुमच्या खोक्यांसाठी नाही, साहेब. दोन इंजिनांचं विमान, एक बंद पडलं, चाकं आत घेतली, तरी २.४ टक्के चढाव मिळायला हवा. ते त्यासाठी आहे. व्ही-वन (ज्यापुढे थांबता येत नाही तो वेग), रोटेशन (नाक उचलायचा वेग), पंखांचे फ्लॅप, सगळं लोडशीटवरच्या, म्हणजे भाराच्या तक्त्यावरच्या, वजनावर ठरतं. इंजिनांचा जोर, थ्रस्टसुद्धा, त्याच वजनाच्या हिशेबाने बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवतात. वजन १० टक्के वाढलं की धाव किमान २१ टक्के लांबते, मे महिन्याच्या उकाड्यात आणखीच. कॅनडातलं हॅलिफॅक्स, २००४: एमके एअरलाइन्सचं बोइंग ७४७, खरं वजन ३५३ टन, हिशेब २४० टनांचा. ७ ठार. आणि ते ओव्हरलोड नव्हतंच, आकडा चुकीचा होता.

उलवेकर: ११३ टन आणि माझे २०० किलो एकाच काट्यावर? वा!

घोडबंदरत्रस्त: विमानाचं सोडा हो. न्हावा शेवाकडे जाणारे ट्रक बघा, पाटे उलटे वाकलेले. काट्याची पावती मॅनेज.

ट्रिमशीट: कंटेनरला जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, सक्तीचं आहे.

घोडबंदरत्रस्त: कागदावर! पॅकिंगसकट वजन धरणारे किती? लाकूड, लॅशिंगचे पट्टे, सगळं गुल. रस्ते आमचे खचतात, टोल आम्ही भरायचा.

उलवेकर: बघा, ट्रक रोज चालतातच ना?

घोडबंदरत्रस्त: माझा मुद्दा तुमच्या बाजूने वळवू नका! ट्रक ब्रेक मारून कडेला लागतो. व्ही-वननंतर तुम्ही कुठे लावणार, पनवेलच्या खाडीत?

पॅलेटवाला: किलोंवर भांडताय, विमानात माल कुठे ठेवला त्या जागेचं कोण बोलणार? मियामी, ऑगस्ट १९९७, फाइन एअरचं डीसी-८: गुरुत्वमध्य मागे, ट्रिम (नाकाचा तोल राखणारी शेपटीची मांडणी) चुकीचं, उडताच नाक वर आणि स्टॉल, पंखांची उचलच संपली. अफगाणिस्तानातलं बगराम, २०१३: ७४७ मधली चिलखती गाडी सुटून मागे गेली, हायड्रॉलिक आणि शेपटीचा स्टॅबिलायझर हलवणारा जॅकस्क्रू गेला. ७ ठार. म्हणून एअरवे बिलांवरच्या, म्हणजे मालाच्या कागदांवरच्या, वजनांची बेरीज नको. पॅलेट बांधून, जाळी लावून, मग काट्यावर. पावसात पुठ्ठा पाणी पितो, तेव्हा पुन्हा. शेवटी पॅलेट धरणारा प्रत्येक लॉक वर आलाय का, हाताने बघायचं.

उलवेकर: बरं, पुन्हा काट्यावर चढवू. माल अडकून पडल्याचं डेमरेजचं बिल मात्र तुमच्या नावाने.

ट्रिमशीट: पाठवा. पत्ता लोडशीटवर आहे, खऱ्या वजनाशेजारी.