शेडमध्ये साप आणि भलामोठा कोळी, तातडीने उपाय हवा

मातीकाम (मंगळवार, रात्री ११.४२)
मदत हवी आहे. मुंबईत आमच्या घरामागच्या शेडमध्ये साप निघतोय. काल बघितला, गेल्या आठवड्यातला बहुतेक तोच. काळसर, अंगावर पांढरे पट्टे. शिवाय पंजाएवढा एक कोळी आहे, पोटाखाली पांढरं काहीतरी धरून भिंतीला चिकटून बसतो. मला तिथे रोज काम करायचंय आणि वेळ अजिबात नाही. साप पळवणारं आवाजाचं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते घेऊ का? वापरलं असेल त्यांनीच सांगा. मारायचा सल्ला नको, घरात चालणार नाही.

खवचट खोडरबर
मुंबईत घरामागे शेड? मलबार हिलला राहता का? (हलके घ्या.)

लाकूडतोड्या
कुठला भाग, शेडमध्ये काय ठेवता, जमीन कशी, साप किती वाजता दिसला, पट्टे मानेपासून होते की पुढून? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मातीकाम
मुलुंड कॉलनी, डोंगराच्या बाजूला, बैठं घर. पत्र्याची शेड, खाली कोबा. शाडूच्या मूर्ती करतो, हौस म्हणून, नातेवाइकांपुरत्या. यंदा अकरा आहेत आणि चतुर्थीला जेमतेम महिना. पट्टे पांढरे होते, वर लिहिलंय. फोटो जोडतोय. यंत्राचं कुणी बोलतच नाहीये.

खवचट खोडरबर
फोटोत झाडू छान आलाय.

आजीचा बटवा
यंत्रबिंत्र काही नको. दाराशी लसूण ठेचून टाका आणि कोपऱ्यात कार्बोलिक ॲसिड शिंपडा. आमच्या गावी सगळे हेच करतात. गेल्या वीस वर्षांत घरात साप आला नाही.

डोंगरपायथा
त्याआधीच्या वीस वर्षांत किती आले होते? लसूण, डांबरगोळ्या, फिनेल, कशानेच साप थांबत नाही. कार्बोलिक ॲसिडने तुमचीच कातडी भाजेल. आवाजाच्या यंत्राचंही तेच, त्या पैशांत सिमेंटच्या गोणी येतील.

आता पट्ट्यांचं. मी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, बोरिवलीत राहतो. आमच्याकडे असा पट्टेवाला साप घरात दिसला तर बहुतेक वेळा कवड्या निघतो. बिनविषारी, पालींच्या मागे भिंतीवर सरसर चढतो. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. रंग तपकिरी. विषारी मण्यारीचं नेमकं उलट. ती निळसर काळी आणि तुकतुकीत, पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेमागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, पण तेवढं निरखण्याइतकं जवळ जाऊ नका. पिल्लांत आणि अंधारात जाणकारही फसतात. खात्री होईपर्यंत मण्यारच समजा. किती वाजता दिसला ते अजून सांगितलं नाहीत.

मातीकाम
रात्री दीडला असेल. दिवसा ऑफिस, त्यामुळे काम रात्रीच. उशीर झाला की तिथेच चटई टाकून तासभर पडतो. काल उठलो तर हा गोणीकडे जाताना दिसला.

डॉ. रात्रपाळी
हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं. आजपासून त्या शेडमध्ये जमिनीवर झोपणं बंद.

मण्यार रात्री हिंडते आणि तिचे बहुतेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. चावल्याचं कळतंच असं नाही. सूज नाही, आग नाही, दाताची खूणही कधीकधी सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, माणूस ॲसिडिटीची गोळी घेऊन पुन्हा आडवा होतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस-फुरशाच्या संशयात आम्ही साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही तर विष भिनलंय हे कळतं. मण्यारीसाठी अशी सोपी चाचणी नाही, लक्षणांवरूनच ओळखावं लागतं. झोपायचंच असेल तर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. चावल्याची शंका जरी आली तरी १०८ बोलवा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. चिरणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही करायचं नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, बस.

मेलबर्नचा बंड्या
आमच्याकडे प्रत्येकाच्या गार्डन शेडमध्ये रुंद इलॅस्टिक बँडेज असतं. दंशापासून सुरू करून अख्खा हातपाय घट्ट गुंडाळायचा, वर काठी बांधायची. इथे शाळेतल्या पोरांनाही येतं. आणि कोळ्यांचं म्हणाल तर रेडबॅक तर कुंडीखाली सापडतो, बूट झटकल्याशिवाय आम्ही पाय घालत नाही. सिडनीकडचा फनेल-वेब त्याहून वाईट, पण १९८१ मध्ये त्याचं प्रतिविष आलं आणि त्यानंतर त्याच्या चाव्याने कुणी दगावलं नाही.

डॉ. रात्रपाळी
बंड्या, तुमच्याकडचे बहुतेक विषारी साप नाग-मण्यारीच्या कुळातले, तिथे ती पट्टी योग्यच. आपल्याकडे घोणस आणि फुरसंही आहे, त्यांचं विष जागच्या जागी मांस सडवतं. घाबरलेला माणूस पट्टी बांधत नाही, आवळतो. म्हणून इथे ती सरसकट सांगत नाहीत.

मेलबर्नचा बंड्या
पण मण्यार असेल तर उपयोग होईलच ना?

डॉ. रात्रपाळी
मण्यारच आहे हे रात्री दीड वाजता कोण ठरवणार? चटईवरचा माणूस?

चाळीतला चष्मा
एक शंका. हाफकिन संस्थेची सापाच्या विषावरची लस आणून फ्रिजमध्ये ठेवली तर? आमच्याकडे साप नाहीत, पण असलेली बरी.

डॉ. रात्रपाळी
ती लस नाही, प्रतिविष आहे. घोड्यांच्या रक्तापासून करतात, ॲलर्जीची जोरदार प्रतिक्रिया येऊ शकते. शिरेतून द्यावं लागतं, सुरुवातच ८-१० कुप्यांनी होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. इथल्या डोंगरातल्या हिरव्या चापडा सापावर तेही नाही. फ्रिजमध्ये श्रीखंड ठेवा.

चाळीतला चष्मा
अवांतर: परळची हाफकिन आधी प्लेगसाठी सुरू झाली होती ना?

पारशी डेअरीवाला
हो, १८९९ ला, प्लेग रिसर्च लॅबोरेटरी म्हणून. हाफकिनचं नाव १९२५ मध्ये दिलं. आजोबा तिथल्या घोड्यांच्या गोष्टी सांगायचे.

मातीकाम
धागा माझा आहे. कोळ्याचं कुणी सांगेल का? तो विषारी आहे का?

आजीचा बटवा
कोळी अंगावर मुतला की फोड येतात, हे तरी मान्य आहे का डॉक्टरांना?

डॉ. रात्रपाळी
नाही. ते फोड बहुतेक वेळा नागिणीचे असतात. ही नागीण म्हणजे विषाणूचा आजार, साप नव्हे. खुलासा केलेला बरा, धाग्याचा विषय बघता.

डोंगरपायथा
पांढरं म्हणजे रुपयाच्या नाण्यासारखी चपटी चकती का? असेल तर ती हंट्समन कोळ्याची मादी आणि ती अंड्यांची पिशवी. जाळं विणत नाही, रात्री झुरळं धरते. डिवचलं तर चावेल, दुखेल, तेवढंच. पिल्लं फुटली की शेकड्यांनी भिंतीवर पसरतील, तेव्हा घाबरू नका. राहू द्या तिला, झुरळांचा प्रश्न सुटेल.

लाकूडतोड्या
माझं सुतारकामाचं शेड येऊरच्या पायथ्याला आहे, म्हणून सांगतो. साप माणसासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. शाडूच्या गोण्या कुठे ठेवल्यात, भिंतीला लावून जमिनीवर ना? त्यांवर ओलं गोणपाट असणार, माती वाळू नये म्हणून. त्याहून गार जागा सापाला कुठली मिळणार? गोण्या फूटभर उंच घोडीवर ठेवा, भिंतीपासून हातभर सोडून. पत्रा कोब्याला टेकतो तिथली फट सिमेंटने बुजवा, दाराखाली रबरी पट्टी, मोरीच्या पाइपला बारीक लोखंडी जाळी. नायलॉनची जाळी लावू नका, साप अडकून तडफडून मरतो, माझ्याकडून एकदा झालंय ते. गोणी उचलताना आधी काठीने हलवा, हात थेट खाली घालू नका. आणि उंदीर कशाला येतायत ते शोधा. धान्य आहे का जवळपास?

मातीकाम
धान्य वगैरे काही नाही. शेडच्या बाहेरच्या भिंतीला लव्हबर्डचे दोन पिंजरे आहेत, मुलीचे. त्यांच्या खाण्याचं राळं सांडतं थोडं. त्याचा सापाशी काय संबंध?

लाकूडतोड्या
🙏

खवचट खोडरबर
उंदीर बाप्पाचा, कमरेचा नाग बाप्पाचा, मधे तुमची चटई. तक्रार कुणाकडे करताय?

डोंगरपायथा
पिंजरे आज हलवा. साप तर त्या पक्ष्यांसाठीही येईल. उंदरांना पिंजरा लावा, विष नको, मेलेला उंदीर गोण्यांमागे कुजला तर मूर्ती सोडून पळाल. आणि १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. सर्पमित्र पाठवतील.

तर्कट
सर्पमित्र म्हणजे गळ्यात साप घालून रील काढणारे ना? आमच्या सोसायटीत एक आला, धामण पकडली, नाग म्हणून सांगितली आणि दोन हजार घेतले.

डोंगरपायथा
म्हणूनच १९२६ म्हटलं. वनखात्याचं ओळखपत्र बघा आणि साप कुठे सोडणार ते विचारा. पकडलेल्या सापाची नोंद करावी लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मारणं जसं गुन्हा, तसं घरी ठेवून खेळ करणंही.

आजीचा बटवा
नागपंचमीला दूध ठेवा, येणार नाही.

डोंगरपायथा
साप दूध पीत नाही.

आजीचा बटवा
मी प्यायला ठेवा म्हटलं नाही. ठेवा म्हटलं.

मातीकाम (गुरुवार, रात्री १०.१५)
अपडेट. काल संध्याकाळी सर्पमित्र आले, ओळखपत्रवाले. सगळ्या गोण्या काढायला लावल्या, दोन मूर्तींचे हात गेले, असो. गोण्यांमागे उंदराचं बीळ आणि दीड फुटी कवड्या. पत्र्याच्या फटीत लांबलचक कात मिळाली, ती धामणीची म्हणाले. दोन्ही बिनविषारी. कवड्या नेला. पिंजरे गच्चीवर हलवले, मुलगी बोलत नाहीये. यंत्राची ऑर्डर रद्द केली, ती सोमवारीच देऊन ठेवली होती. कोळी आहे तिथेच आहे. सर्वांचे आभार.

लाकूडतोड्या
छान. फटी बुजवल्या?

मातीकाम
रविवारी.

तर्कट
एक सांगू? सापडलेला कवड्या होता म्हणजे दीड वाजता दिसलेलाही कवड्याच होता, असं होत नाही. तुम्ही काळसर लिहिलं होतं, कवड्या तपकिरी असतो. आणि फोटोत झाडू आहे.

डॉ. रात्रपाळी
पहिल्यांदाच तर्कट यांच्याशी सहमत. रविवारपर्यंत गमबूट आणि टॉर्च, आणि चटई घरात.

मातीकाम
चटई बायकोने कालच टाकून दिली.

सानपाडा एक्सप्रेस
मधले प्रतिसाद वाचले नाहीत. डांबरगोळ्या टाकून बघितल्या का?

चाळीतला चष्मा
वाचनखूण साठवली. अवांतर: एखादी ९ इंची मूर्ती शिल्लक असेल का? उंदीर सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो?

मातीकाम
मूर्ती नाही. उंदीर हवे तेवढे न्या.