मेणबत्तीच्या लेबलवर 'सॉवाज टाइप' लिहावं का?

नौपाड्याची_वात
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, घरीच सोया वॅक्सच्या मेणबत्त्या करते. सुगंधी तेल मशीद बंदरहून आणते. तिथे बाटल्यांवर स्केचपेनने महागड्या परदेशी परफ्यूमची नावं घालून 'सॉवाज टाइप', 'अव्हेंटस टाइप' असंच लिहिलेलं असतं. मीही डबीवर तेच छापलं: वर ठळक 'डिओर सॉवाज', खाली बारीक 'टाइप'. एकदम २०० लेबलं करून घेतली.

गेल्या शनिवारी प्रदर्शनात एका काकूंनी दोन डब्या घेतल्या. मुलगा जर्मनीहून येतोय, तो हाच परफ्यूम लावतो म्हणाल्या. पैसे देऊन झाल्यावर विचारलं, "तेल ओरिजिनल डिओरचंच ना गं?" मी म्हटलं, "अगदी तसाच वास आहे, काकू." त्यांनी पिशवी नीट छातीशी धरली आणि गेल्या. मी 'नाही' म्हटलं नाही. ते आठवलं की अजून पोटात ढवळतं.

वास मी चोरलेला नाही, तेल पैसे मोजून घेतलंय. मग लेबलवर लिहायचं काय? 'इन्स्पायर्ड बाय' चालतं का? पुढे साबणही करायचे आहेत.

सीवूड्सकर
ताई, ट्रेडमार्कच्याच कामात आहे म्हणून सांगतो. तसा वास करण्याला सहसा कोणी अडवत नाही, पण नाव त्यांचं आहे. बारीक 'टाइप' लिहून ते आपलं होत नाही. आपल्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम २९(८) आहे: जाहिरातीत दुसऱ्याच्या नावाचा गैरफायदा घेतला तर तेही उल्लंघनच.

युरोपात लोरियाल विरुद्ध बेलूर हा खटला गाजला होता. स्वस्त परफ्यूम विकणारे दुकानदारांना तक्ता द्यायचे, आमची अमुक बाटली म्हणजे त्यांचा तमुक परफ्यूम. कोणी गिऱ्हाईक फसलं नव्हतं, तरी २००९ साली युरोपीय न्यायालयाने हा मोठ्या नावाचा गैरफायदाच ठरवला. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण 'इन्स्पायर्ड बाय'ला ढाल समजू नका. तुमच्या काकू तर खरंच फसल्या.

कळव्याचा_पक्या
एवढं काय? इन्स्टावर सगळेच लिहितात. नाव काढलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.

ऐरोलीची_साबणवाली
पक्या, माझ्याकडे फिरकतं. मीही आधी तशीच नावं लिहायचे. आता साबणाच्या वडीवर 'मोसंबीची साल, मिरी, ओलं लाकूड' असं लिहिते. लोक वाचतात, नाकाशी धरतात, घेतात.

वात, त्या परफ्यूममध्ये कोणकोणते वास आहेत याची इंटरनेटवरची यादी उतरवू नकोस. मेणात वास बदलतो, लिंबाची वरची झुळूक पटकन उडते. डबी दोन तास पेटव, मग घरातल्यांना विचार कशासारखं वाटतंय. ते लिही.

आणि साबणाचं वेगळं प्रकरण आहे हं. अंगाला लावायचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन, २०२०च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली विकण्यासाठी बनवायला राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत विकू नकोस. तेलवाल्याकडून इफ्रा सर्टिफिकेट माग, म्हणजे ते सुगंधी तेल कशात किती प्रमाणापर्यंत चालतं याचा कागद. मेणबत्तीला चालणारं प्रमाण कातडीला चालेलच असं नाही. देत नसेल तर दुकान बदल. मेणबत्तीच्या डबीवरही तुझं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन हवाच.

नौपाड्याची_वात
सगळ्यांचे आभार, साबण तूर्त थांबवला. काल रात्री डबी पेटवून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. सासूबाई आत आल्या, डोळे मिटून म्हणाल्या, "मामंजी दाढी करून बाहेर यायचे ना, तसं." नवऱ्याला मिरी लागली, मला संत्र्याची साल. नवीन लेबल: 'संत्र्याची साल, मिरी, दाढीचा साबण'. उरलेली १६३ जुनी लेबलं फाडली.

काकूंनी यूपीआयने पैसे दिले होते, त्यावरून नंबर सापडला. फोन करून सांगितलं की तेल डिओरचं नाही, डब्या परत घेते. त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "एक परत घे, एक राहू दे. वास आवडलाय मला." उद्या चरईत त्यांच्या घरी जाऊन पैसे देऊन येते. राहिलेल्या डबीवर नवं लेबलही चिकटवीन.