बाप गेल्यावर लेकरू मायजवळ की आजोळी?

बालसमुपदेशक, यवतमाळ (धाग्याची सुरुवात)

कापूसपट्ट्यात तरुण शेतकरी गेला की तेरवीलाच नातेवाईक ठरवून मोकळे होतात: पोरगा मामाकडे, पोरगी मायजवळ. कारण एकच सांगतात, घरात पुरुष माणूस नसला की पोट्टं वाया जातं. हे कारण मला मान्य नाही. निदान पहिली दोन वर्षं लेकराला हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या विषयावर अमेरिकेत भरपूर काम झालं आहे. आमाटो आणि कीथ यांनी १९९१ मध्ये घटस्फोटित घरांतल्या मुलांवरचे ९२ अभ्यास एकत्र तपासले. ही मुलं थोडी मागे दिसली, पण फरक लहान होता. सतत भांडणाऱ्या मायबापांच्या न मोडलेल्या घरातली मुलंही चांगल्या अवस्थेत नव्हती. १९९४ मध्ये मॅकलॅनहन आणि सँडेफर यांनी दाखवलं की एकल पालकांच्या मुलांच्या मागे पडण्यातला जवळपास निम्मा वाटा कमी उत्पन्नाचा असतो. म्हणजे घरात माणसं किती, यापेक्षा घरात पैसा किती आला आणि भांडण किती झालं हे आधी पाहायला हवं.

मृत्यूबद्दल वॉर्डन यांचं, आई किंवा बाप गमावलेल्या मुलांवरचं, बोस्टन भागातलं काम महत्त्वाचं आहे: ७० कुटुंबं, १२५ मुलं. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी त्रास जास्त दिसला. आपल्याकडे मामा सहा महिन्यांत सांगतो, ‘पोरगा रुळला’. ते रुळणं नसतं. परक्या घरात लेकरू गप्प बसायला शिकलेलं असतं.

जि.प. शिक्षक, आर्णी

ताई, अभ्यास बरोबर असतील, पण मायचा दिवस कसा जातो तेही मांडा. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, दिवाळीपासून वेचणी. बाई सकाळी नऊला निघते, दिवस बुडता परतते. वेचणीचे पैसे किलोवर, त्यामुळे ती अकरा वर्षांच्या पोरीलाही वावरात नेते. पोरगी ऑक्टोबर ते जानेवारी हजेरीपटावर तुटक दिसते आणि सहामाहीनंतर गणितात कायमची मागे पडते. धाकटा सात वर्षांचा शाळा सुटल्यावर कुलूपबंद दारासमोर बसतो. आजोळी निदान गरम भाकर आहे, आजी आहे.

आणि संशोधनच काढायचं तर हवाई बेटांतल्या काउआईचं काढा. एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश नीट उभी राहिली. त्यांच्यामागे एक तरी भरवशाचं माणूस होतं, आणि ते माणूस मायबापच असावं असं नव्हतं. आजी-आजोबाही चालले.

बालसमुपदेशक, यवतमाळ

गुरुजी, त्या वाक्यातला भार ‘भरवशाचं’ या शब्दावर आहे. आजी सत्तरीची, घर मामा-मामीचं. दोन वर्षांत आजी गेली की लेकराचं तिसरं घर सुरू होतं. शिवाय पोरगा तिकडे, पोरगी इकडे. बापापाठोपाठ माय, बहीण, शाळा, मित्र, सगळं एकाच हंगामात गेलं. पोरगी तर शिकते की आपण कामाला ठेवायच्या लायकीच्या.

पाठवणं अगदीच अटळ असेल तर शैक्षणिक वर्ष पुरं होऊ द्या. भावंडं एकत्रच पाठवा. सांगायचं ते मायनेच सांगावं, ‘किती दिवसांसाठी’ हेही सांगावं. भेटीचा दिवस ठरलेला हवा. आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा पडतो. एकदा चुकला तर त्याच दिवशी फोन, नाहीतर लेकरू समजतं मायही गेली.

दुसरी मोठी चूक लपवण्याची. ‘बाबा गावाला गेले’ म्हटलं की लेकरू फाट्यावर वाट पाहतं. ‘झोपले’ म्हटलं की रात्री झोपायला घाबरतं. मेलेलं माणूस परत येत नाही ही समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होते. त्याआधी तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: ‘बाबा मेले. त्यांचं शरीर थांबलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे नाही झालं.’ शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. आत्महत्या असेल तर तेही वयाला झेपेल इतकं घरच्यांनीच सांगावं, कारण हापशीवर कोणीतरी सांगणारच आहे.

एकल महिलांसोबत काम करणारी, वर्धा

दोघंही कागद विसरलात. माय खचते त्याचं अर्धं कारण तिथे आहे. वारस नोंद करून सातबाऱ्यावर तिचं आणि लेकरांचं नाव लागलं नाही तर दीर सांगेल तसं वागावं लागतं, आणि लेकरं ते रोज पाहतात. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर सरकारी मदत १ लाख: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर काही नाही. पण बालसंगोपन योजनेचा पात्र-अपात्रशी संबंध नाही. बाप कशानेही गेलेला असो, १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँक खातं जोडून अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यावा, मंजुरी बालकल्याण समितीची. पोरगा दुसऱ्या जिल्ह्यात मामाकडे गेला की रहिवासी दाखला एकीकडे, बोनाफाईड दुसरीकडे, आणि फाईल तिथेच अडकते.

मायकडेही बघा. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, लेकराशी बोलणं नाही, तर आशाताईला सांगा किंवा १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. खचलेल्या मायजवळ लेकरू नुसतं ठेवून भागत नाही.

जि.प. शिक्षक, आर्णी

कागदाचं पटलं. पण मायजवळ राहिलेल्या मोठ्या पोराचं काय? तेरवीला डोक्यावर टॉवेल ठेवून त्याला सांगतात, ‘आता तूच कर्ता.’ पोरगा असतो बारा वर्षांचा. आठवीत शाळा तुटते, मग पानठेला, मग खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी. मामाच्या घरात निदान तो पोर म्हणून तरी राहतो.

बालसमुपदेशक, यवतमाळ

कर्तेपण गावाने लादलं, ते गावानेच काढावं. बकरी सोडणं, पाणी भरणं, धाकट्याला तासभर सांभाळणं, यानं लेकराचं बिघडत नाही, उलट धीर येतो. सावकाराशी बोलणं, फवारणी, रात्री मायचं रडणं एकट्याने ऐकणं, हे बारा वर्षांच्या पोराचं काम नाही. आणि वर्गात तुम्हालाच आधी कळेल: सोमवारी पोट दुखणं, अंथरूण ओलं करणं सुटलं होतं ते परत सुरू होणं, किंवा अचानक फारच शहाणं होणं. हा अचानक शहाणा झालेला पोरगा कोणाच्या नजरेत येत नाही, त्याचं कौतुकच होतं.

जि.प. शिक्षक, आर्णी

तरी शाळा सुटल्यापासून माय परतेपर्यंतचे दीड-दोन तास उरतातच, आणि दिवाळीच्या सुटीत तर अख्खा दिवस. ऐन वेचणीत. आजोळ नको म्हणत असाल तर त्या वेळी गावातलं कोणतं दार उघडं राहील ते आधी ठरवा. तोवर पाठवणाऱ्या मायला मी चूक म्हणणार नाही.

एकल महिलांसोबत काम करणारी, वर्धा

समाजमंदिराची किल्ली बहुतेक गावांत ग्रामपंचायतीकडे असते. बचत गटातल्या वावरात न जाणाऱ्या दोघी बसल्या तर पंधरा लेकरं सांभाळता येतात. पोळ्याच्या आधी ठराव घ्या, वेचणी सुरू झाल्यावर बाया सभेला येत नाहीत.